चांदबिबीचें सासर

राहात्याकडची मुलगी विजापुरास दिली, म्हणजे ती पुणतांब्यास गाडींत बसते आणि नगर, दौंड, सोलापूर, होटगी असे टप्पे घेत सासरीं पोंचते. वाट थोडी वळणाची खरी. पण वाटेंत कोणी तिला ‘तूं कोणाच्या मुलखांतली?’ असें विचारीत नाहीं. साडेचारशें वर्षांपूर्वीं हीच वाट दोन वैरी राज्यांमधून जात होती. गोदावरी आणि प्रवरा यांच्यामधला हा आमचा टापू अहमदनगरच्या निजामशहाचा होता. भीमा उतरून पलीकडे गेलें कीं आदिलशहाचा निर्विवाद अंमल सुरू होई. आणि मधलें सोलापूर कधीं याच्या, कधीं त्याच्या ताब्यांत जाऊन दोन्ही दरबारांची झोंप उडवीत असे. या वाटेनें १५६४ सालीं नगरच्या राजकन्येचा डोला विजापुरास गेला. तिचें वय तेव्हां चौदा वर्षांच्या आसपास असावें. तिचें नांव चांदबिबी.

नगरास आतां अहिल्यानगर व विजापुरास विजयपूर अशीं नांवें सरकारनें दिलीं आहेत. पण ज्या काळाविषयीं लिहावयाचें त्या काळचीं नांवें ठेवणें बरें, म्हणून आम्हीं जुनींच नांवें वापरिलीं आहेत.

चांदबिबी म्हटली कीं आमच्या डोळ्यांपुढें एकच चित्र उभें राहतें: नगरच्या किल्ल्याचा कोसळलेला तट, हातांत नागवी तरवार घेतलेली बुरख्यांतली राणी, आणि समोर अकबराच्या मुलाचें सैन्य. शाळेच्या पुस्तकांनीं हें चित्र घरोघर पोंचविलें, व तें खोटें आहे असें नाहीं. परंतु हा प्रसंग तिच्या पन्नास वर्षांच्या आयुष्यांतल्या शेवटच्या पांच वर्षांतला आहे. त्यापूर्वींचीं वीस वर्षें ती विजापुरास होती. तेथेंच ती वाढली, विधवा झाली, राज्यकारभार शिकली, कैदेंत पडली व सुटली. आणि तेथेंच एकदां तिला माहेरच्या फौजेविरुद्ध सासरचें शहर राखावें लागलें. नगरकरांनीं आपल्या लेकीचें कौतुक केलें तें योग्यच झालें. पण सासरचीं तीं वीस वर्षें वजा करून केलेलें कौतुक आम्हांस अपुरें वाटतें.

आधीं हे डोले जात कां, तें पाहिलें पाहिजे. बहामनी राज्य मोडून दक्षिणेंत पांच शाह्या झाल्या, त्यांत कोणतीहि एक शाही दुसरीस गिळण्याइतकी बळकट नव्हती, व कोणतीहि एक दुसरीवर विसंबण्याइतकी भोळी नव्हती. अशा स्थितींत तहाच्या कागदावर शिक्के पडत, शपथा होत, आणि तरीहि विश्वास बसेना म्हणजे मुलगी दिली जाई. मुलगी म्हणजे जिवंत जामीन. जामीन दिलेला माणूस कोणाच्या घरीं कसा राहतो, याची चौकशी सावकार करीत नाहीं. तशी ती इतिहासकारहि फारशी करीत नाहींत. ‘अमक्या सालीं अमक्यानें आपली कन्या तमक्यास दिली व उभयतांत सलोखा झाला’, एवढ्या एका ओळींत ते मोकळे होतात.

असा एक डोला चांदबिबीच्या आधीं चाळीस वर्षें उलट दिशेनें आला होता. विजापुरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम १५२४ सालीं सोलापुरास बुऱ्हाण निजामशहास दिली गेली. हा बुऱ्हाण म्हणजे चांदबिबीचा आजा. मरियमची आई बुबूजी खानम ही जन्मानें मराठ्याच्या घरची, मुकुंदराव नांवाच्या मराठे सरदाराची बहीण; विजापुरच्या गादीचा संस्थापक यूसुफ आदिलशहा यानें तिच्याशीं लग्न केलें होतें. मरियमच्या लग्नांत सोलापूर व त्याचे साडेपांच परगणे आंदण म्हणून देण्याचें ठरलें, असें नगरकरांचें म्हणणें. असें कांहीं ठरलेंच नव्हतें, असें विजापुरकरांचें म्हणणें. लग्नाच्या मांडवाखालीं झालेल्या बोलण्याचा निकाल मग रणांगणावर लागूं लागला. इकडे मरियमच्या वाट्यास काय आलें? बुऱ्हाणाची आवडती राणी अमीना ही पूर्वींची नाचणारीण; तिच्याकडून आपल्या बहिणीचा उपमर्द होतो अशी तक्रार इस्माईलनें चालविली. म्हणजे ज्या मुलीमुळें दोन घरें जोडावयाचीं, तिचीच मानहानि पुढच्या भांडणाचें एक कारण झाली. सोलापुराच्या आंदणाची तर गोष्टच सोडा. तें भांडण पुढच्या पिढीच्या गळ्यांत पडलें.

त्या पुढच्या पिढींत नगरच्या गादीवर हुसेन निजामशहा होता व विजापुरच्या गादीवर अली आदिलशहा. अलीनें विजयनगरच्या रामराजाशीं इतकें सख्य जोडलें कीं, रामराजाचा मुलगा वारला तेव्हां तो स्वतः विजयनगरास समाचाराला गेला, आणि रामराजाच्या राणीनें त्याला पुत्र मानलें. या दोघांनीं मिळून नगरावर स्वाऱ्या केल्या. पहिल्या स्वारीच्या शेवटीं हुसेनास रामराजाच्या डेऱ्यांत जाऊन त्याच्या हातचा विडा घ्यावा लागला. कल्याणीचा किल्ला सोडावा लागला. भेटीच्या वेळीं हुसेनानें रामराजाचा हात हातीं घेतल्यावर पाणी मागवून आपला हात धुतला, व तें पाहून रामराजानेंहि तसेंच केलें, असें फेरिश्ता सांगतो. दुसऱ्या वेढ्याच्या वेळीं सीनेला पूर येऊन विजयनगरच्या छावणीची दाणादाण उडाली आणि नगर बचावलें. चांदबिबी तेव्हां दहा-बारा वर्षांची पोर होती. तिच्या बापाच्या राजधानीस वेढा घालून बसलेल्या त्या सैन्यांत तिचा भावी नवरा होता, ही गोष्ट विसरतां कामा नये.

रामराजाचें बळ सर्वांनाच जाचूं लागलें तेव्हां मन पालटलें. मुस्तफाखान अर्दिस्तानी नांवाच्या एका इराणी सय्यदानें गोवळकोंड्याच्या वतीनें नगर व विजापूर यांच्यांत मध्यस्थी केली, आणि ठराव असा झाला: हुसेनाची मुलगी चांदबिबी अलीला द्यावी व तिच्याबरोबर सोलापूर आंदण द्यावें, अलीची बहीण हदिया सुलताना हुसेनाचा वडील मुलगा मुर्तजा याला द्यावी, आणि मग सर्वांनीं मिळून विजयनगरावर जावें. हुसेनाची दुसरी मुलगी बीबी जमाल गोवळकोंड्याच्या इब्राहिम कुतुबशहास दिली गेली. आमच्या खेड्यापाड्यांत साटेंलोटें म्हणतात तें हेंच. फरक एवढाच कीं येथें पाटावर बसणाऱ्या मुलींच्या मागें तोफखाने उभे होते. लग्नें १५६४ सालीं झालीं, आणि १५६५ च्या जानेवारींत तालिकोटची लढाई होऊन रामराजाचें शिर हुसेनाच्या हुकुमानें उडालें. त्याच वर्षीं हुसेनहि मरण पावला. ज्या कामासाठीं मुलगी दिली तें काम वर्षभरांत उरकलें, देणारा बाप गेला, घेणारा जांवई उरला. आणि मुलीचें आयुष्य मात्र आतां कोठें सुरू होत होतें.

माहेरीं तिची आई खुंजा हुमायून ही लहान मुर्तजाच्या नांवानें कांहीं वर्षें राज्य पाहत होती. पुढें त्याच मुलानें तिला कैदेंत टाकलें. हुसेनशहाच्या पराक्रमाचें वर्णन करणारें ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ नांवाचें एक सचित्र फारसी काव्य पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहीं आहे. त्यांतल्या चित्रांत हुसेनाजवळ ही राणी बसलेली होती. तिच्या पाडावानंतर कोणीतरी रंगाचा हात फिरवून तिला पुसून टाकलें. चांदबिबीस माहेर किती उरलें होतें, हें त्या पुसलेल्या जागेवरून दिसतें.

आतां तिच्या सासरचें शहर कसें होतें? धर्माच्या बाबतींत तिला फारसें नवें वाटलें नसावें. नगरच्या दरबारानें शहा ताहीर याच्या उपदेशानें १५३७ पासून शिया पंथ पत्करला होता, व अली आदिलशहाहि शियाच होता. पण अलीचा बाप सुन्नी असल्यामुळें शहरांतला मोठा वर्ग त्या पंथाचा होता, आणि राजा बदलला कीं खुत्बा बदलतो हें तेथील माणसांस ठाऊक झालें होतें. भाषेची गोष्ट याहून गमतीची. दरबारीं फारसी, महालांत व लष्करांत दक्षिणी, बाजारांत कानडी, आणि वसुलाच्या दफ्तरांत मराठी. अलीच्या बापानें, म्हणजे पहिल्या इब्राहिमानें, परदेशी कामदारांस काढून हिशेबाचें काम दक्षिणी लोकांकडे, विशेषतः ब्राह्मण कारकुनांकडे दिलें होतें. चांदबिबीस फारसी, अरबी, तुर्की, मराठी व कानडी इतक्या भाषा येत असत अशी तिची ख्याति आहे. यांतल्या पहिल्या तिन्ही शिकविण्यास दरबारीं उस्ताद मिळतात, व मराठी तिनें नगरास दाईच्या तोंडून ऐकली असेलच. पण कानडी ही राजकन्येच्या शिक्षणाचा भाग नव्हे. ती सासरची भाषा. चौदा वर्षांची मुलगी परमुलखांत येऊन तेथील बाजारची व चाकरमाणसांची बोली शिकते, यांत आम्हांस तिच्या साऱ्या पुढच्या चरित्राचें बीज दिसतें. महालांतली कारस्थानें फारसींत होत असतील, पण शहर कोणाच्या बाजूस आहे हें फारसींत कळत नाहीं.

अलीहि सामान्य राजा नव्हता. त्याला ग्रंथांचें वेड होतें; त्याच्या ग्रंथशाळेंत लेखक, चित्रकार, जिल्दगर अशीं साठांवर माणसें राबत असत. ‘नुजूम-उल-उलूम’ हा ज्योतिष व मंत्रशास्त्र यांवरील अपूर्व सचित्र ग्रंथ १५७० सालीं त्याच्याच काळांत विजापुरास तयार झाला, व त्यांत मुसलमानी व हिंदु विद्या शेजारीं शेजारीं बसल्या आहेत. शहराचा प्रचंड तट त्यानें पुरा केला, गगनमहाल बांधला, जामा मशिदीचें काम काढलें. चांदबावडी ही विहीर त्यानें १५७९ सालीं राणीच्या नांवें बांधली असें सांगतात. विजापुरास पाण्याचें मोल काय आहे हें उन्हाळ्यांत तेथें गेलेल्यांस सांगावयास नको. अशा शहरांत विहिरीला राणीचें नांव देणें म्हणजे तें नांव रोज सकाळीं शेंकडों बायकांच्या तोंडीं घालणें होय.

राणी बहिरी ससाणा हातावर घेऊन घोड्यावरून शिकारीस निघाली आहे, अशीं जीं चित्रें आपण पाहतो तीं मात्र तिच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनीं व त्याहूनहि अलीकडे काढलेलीं आहेत. ज्यांनीं तीं काढलीं त्यांनीं तिला पाहिलें नव्हतें. त्यांनीं तिची कीर्ति रंगविली.

या लग्नास सोळा वर्षें झालीं, आणि १५८० च्या एप्रिलांत अलीचा खून झाला. त्याला मुलगा नव्हता. भाऊ तहमास्प याचा नऊ वर्षांचा मुलगा इब्राहिम याला त्यानें वारस नेमलें होतें. तो गादीवर बसला, व त्याच्या पालनपोषणाचा आणि शिक्षणाचा भार चांदबिबीवर आला. स्वतःचें मूल नाहीं, नवरा नाहीं, आईबाप नाहींत, भाऊ शत्रूच्या गादीवर, आणि मांडीवर पुतण्या: परक्या मुलखांत आलेल्या स्त्रीची याहून कठीण परीक्षा कोणती?

विजापुरच्या राजकारणांत त्या वेळीं दोन तट होते. एक दक्षिणी व हबशी यांचा, दुसरा इराण-तुराणांतून आलेल्या परदेश्यांचा. आतां हें ‘परदेशी’ प्रकरण मोठें विलक्षण आहे. राज्याचा संस्थापक यूसुफ हा, फेरिश्त्याच्या मतें, तुर्कस्तानच्या राजघराण्यांतला. दरबारचे वजीर शिराजचे किंवा अर्दिस्तानचे. सेनापति हबसाणांतून गुलाम म्हणून आणलेले. आणि स्वतः फेरिश्ता कास्पियन समुद्राकांठचा. या सर्वांनीं विजापुरची भाकरी खाल्ली व विजापुरचा अभिमान सांगितला. शंभर कोसांवरच्या नगराहून आलेली, सोळा वर्षें त्या घरांत नांदलेली राणी मात्र ‘परकी’ ठरविण्यास सोपी गेली. पुरुषाला मुलूख बदलतां येतो. त्याची तरवार कोणाच्या कामीं येते एवढेंच पाहतात. सुनेचें माहेर तिच्या पाठीवर कायमचें लिहिलेलें असतें.

तें कसें, हें लवकरच दिसलें. पहिला कारभारी कामिलखान दक्षिणी हा राणीशीं उद्धटपणें वागूं लागला. तिनें किश्वरखान नांवाच्या दुसऱ्या सरदारास हातीं धरून त्याला खालीं ओढलें. पळून जातांना तो मारला गेला. या शहरांत असें पूर्वीं एकदां घडलें होतें. १५११ सालीं कमालखान दक्षिणी यानें बालराजा इस्माईलची गादी बळकावूं पाहिली, तेव्हां त्याची आई बुबूजी खानम व यूसुफची दूधबहीण दिल्शाद आगा यांनीं महालाचे दरवाजे लावून, अंगावर चिलखतें चढवून वाडा लढविला होता. एक मराठ्याची मुलगी, दुसरी इराणाहून आलेली. चांदबिबीनें सासरच्या महालांत पाऊल ठेविलें तेव्हां त्या गोष्टीस पन्नासच वर्षें झालीं होतीं, व अशा गोष्टी जनानखान्यांत लवकर जुन्या होत नाहींत.

किश्वरखान पहिल्याहून वाईट निघाला. ज्या मुस्तफाखान अर्दिस्तान्यानें चांदबिबीचें लग्न जमविलें होतें तो आतां विजापुरच्या चाकरींत असून बंकापुरच्या बाजूस होता. म्हाताऱ्याचें वजन सहन न होऊन किश्वरखानानें बालराजाचा शिक्का वापरून त्याचा खून करविला. राणी संतापली व तिनें त्याला तोंडावर दोष दिला. तेव्हां किश्वरखानानें अखेरचें शस्त्र काढलें: ही बाई आपला भाऊ मुर्तजा निजामशहा यास आंतून पत्रें लिहिते व विजापुरावर स्वारी करण्यास चिथविते, असा तिच्यावर आरोप ठेविला. तिला जनानखान्यांतून ओढून, अपमान करून बाहेर काढलें व साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेंत धाडलें. नगरच्या सरहद्दीवर त्या सुमारास खरोखरच फौजा हालूं लागल्या होत्या, म्हणून आरोपाला रंग चढला. असा आरोप खोटा ठरविण्याचा उपाय कोणाहि सुनेजवळ नसतो. माहेरची माणसें काय करतात याचा जाब तिनें कोठून द्यावा?

पण यापुढें जें घडलें तें या सर्व हकीकतींत आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें. किश्वरखान विजापुरच्या रस्त्यांतून जाऊं लागला म्हणजे साध्या बायकाहि त्याच्यावर राख व माती फेंकीत. सय्यदाचा खून करणारा आणि चांदबिबीला कैद करणारा म्हणून त्याला उघड शिव्या देत, असें फेरिश्ता लिहितो. या बायका कोण? त्या कांहीं दरबारी नव्हत, दक्षिणी-परदेशी या तंट्यांत त्यांना देणेंघेणें नव्हतें. विहिरीवर पाणी भरणाऱ्या, बाजारांत भाजी मांडणाऱ्या त्या कानडी, मराठी, दक्षिणी बोलणाऱ्या बायका. दरबारानें नगरची हेर म्हणून जिला बाहेर काढलें, तिला शहर आपली समजत होतें. सोळा वर्षांत तिनें काय मिळविलें याची नोंद कोणत्याहि तहनाम्यांत नाहीं. ती त्या राखेच्या मुठींत आहे.

थोड्याच दिवसांत इखलासखान हबशी सैन्य घेऊन उलटला. किश्वरखान शिकारीचें निमित्त करून निसटला, नगरास गेला, तेथें थारा मिळेना म्हणून गोवळकोंड्यास गेला, व तेथें मुस्तफाखानाच्या एका नातलगानें त्याचा सूड घेतला. चांदबिबीस साताऱ्याहून मानानें परत आणलें.

आणि मग तो कसोटीचा प्रसंग आला. विजापुरांतला घोळ पाहून मुर्तजाची फौज आंत शिरली. धाराशिवाजवळ विजापुरकरांनीं तिला एकदां मार दिला. पण वऱ्हाडचा सय्यद मुर्तजा व गोवळकोंड्याचें सैन्य येऊन मिळालें, नळदुर्गाचा वेढा फसल्यावर सर्व लोंढा खुद्द विजापुरावर आला, आणि १५८१-८२ मध्यें जवळजवळ वर्षभर शहरास वेढा पडला. एका बाजूस सख्ख्या भावाचें निशाण, दुसऱ्या बाजूस बहिणीच्या सासरचें निशाण, आणि मध्यें ही. आंत सैन्य थोडें. हबशी व परदेशी सरदारांचा एकमेकांवर विश्वास नाहीं. पावसानें तटाचा मोठा भाग कोसळला. किश्वरखानाचा आरोप खरा असता तर तो खरा करून दाखविण्यास याहून चांगली संधि कधींच आली नसती. तट सांवरला गेला, दरवाजे मिटलेले राहिले. शहा ताहीराचा मुलगा शहा अबुल हसन यास पुढें करून रुसलेल्या सरदारांस परत बोलाविण्यांत आलें; कर्नाटकांत पांगलेले बर्गी, म्हणजे मराठे घोडेस्वार, परत येऊन शत्रूची रसद तोडूं लागले. अखेर दोन्ही सैन्यें कंटाळून परतलीं. नगरच्या मुलीनें नगरच्या सैन्यापासून विजापूर राखलें. नगरच्या तटाची गोष्ट सांगणाऱ्यांनीं या तटाची गोष्ट आधीं सांगितली पाहिजे, कारण वेढ्यांत उपाशी व भांडखोर माणसें एकत्र कशीं ठेवावीं हें ती येथें शिकली.

वेढा उठल्यावर सत्ता दिलावरखान हबशाच्या हातीं गेली व राणीचें राजकारण आटोपलें. मुलगा इब्राहिम मात्र तिच्या हाताखालीं वाढला होता. हाच पुढें ‘जगद्गुरु’ म्हणून प्रसिद्धीस आलेला, संगीतावर ‘किताब-इ-नवरस’ लिहिणारा दुसरा इब्राहिम आदिलशहा. मोंगलांचा वकील असदबेग १६०४ च्या सुमारास त्याला भेटला तेव्हां त्याला दिसलें कीं राजास फारसी समजते, पण बोलतां बोलतां तो मराठीवर येतो. (याच इब्राहिमाची एक राणी गोवळकोंड्याची राजकन्या असून तिचेंहि नांव चांद सुलतान होतें, या दोघींची गल्लत करून लिहिलेले लेख आम्हीं पाहिले आहेत.)

१५८४ च्या सुमारास आणखी एक डोला निघाला. इब्राहिमाची बहीण खदिजा ही मुर्तजाचा मुलगा मीरान हुसेन यास देण्याचें ठरलें. या मुलीला पोंचविण्यास चांदबिबी स्वतः गेली. वीस वर्षांपूर्वीं जी वाट तिनें डोल्यांत बसून कापली, तीच वाट आतां ती विजापुरची वडीलधारी स्त्री म्हणून, दुसऱ्या एका पोरीस घेऊन, उलट दिशेनें कापीत होती. ती नगरास राहिली.

माहेर कसें होतें? मुर्तजाला लोक ‘दिवाणा’ म्हणत. संशयानें वेडा होऊन त्यानें आपल्या मुलाच्या बिछान्यास आग लावली. मुलानें १५८८ सालीं बापास हमामखान्यांत कोंडून मारलें. आणि पुढल्याच वर्षीं त्या मुलाचाहि खून झाला. ज्या खदिजेला चांदबिबीनें हाताशीं धरून आणलें ती अशी विधवा झाली. पुढें सहा-सात वर्षांत गादीवर एकामागून एक माणसें बसलीं व गेलीं. या सगळ्यांत विजापुराहून आलेली ही आत्या कोणाच्या खिजगणतींत नव्हती. (नगराजवळच्या डोंगरावर जो ‘चांदबिबीचा महाल’ म्हणून दाखवितात, तो तिचा महाल नव्हे, ती मुर्तजाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. लोकांनीं ती तिच्या नांवावर केली, आणि आम्हांस वाटतें सलाबतखानहि त्याबद्दल तक्रार करणार नाहीं.)

१५९५ सालीं मियां मंजू या वजिरानें आपला डाव साधण्यासाठीं अकबराचा मुलगा मुराद यास बोलाविलें व मग स्वतःच घाबरून तो निघून गेला. तेव्हां किल्ला चांदबिबीनें हातीं घेतला. यापुढची कथा सर्वांस ठाऊक आहे: मोंगलांनीं खणलेले सुरुंग आंतून शोधून निकामी केले, एक उडाला व तटास खिंडार पडलें, राणी तरवार घेऊन खिंडारांत उभी राहिली, रात्रीं भिंत पुन्हां उभी केली. तांब्याचीं, मग रुप्याचीं, मग सोन्याचीं नाणीं तोफांत भरून उडविल्याची दंतकथा मागाहूनची आहे, तिच्यावाचून कांहीं अडत नाहीं. एका गोष्टीकडे मात्र लक्ष द्यावें. मुरादानें १५९६ च्या आरंभीं वऱ्हाड घेऊन तह केला, तो एकट्या नगरच्या तटास भिऊन नव्हे. विजापुरचें सैन्य सुहेलखानाच्या हाताखालीं मदतीस निघालें होतें. तें इब्राहिमानें धाडलें होतें. चाळीस वर्षें ज्या दोन राज्यांनीं सोलापुरावरून एकमेकांचे गळे धरले, त्यांतलें एक दुसऱ्याच्या रक्षणास आलें, आणि ज्या बाईसाठीं आलें ती एकाची लेक व दुसऱ्याची सून होती. १५६४ च्या तहांत जें लिहिलें होतें तें बत्तीस वर्षांनीं खरें झालें.

शेवट लवकर आला. १६०० सालीं शहाजादा दानियाल व खानखानान यांनीं पुन्हां वेढा घातला. या वेळीं विजापुराहून कोणी आलें नाहीं. किल्ला टिकणार नाहीं हें ओळखून तिनें असा विचार मांडला कीं, आंतल्या लोकांच्या जिवाची हमी घेऊन किल्ला सोडावा व बालराजा बहादूर याला घेऊन जुन्नरास जावें. ज्या खोजा सरदारास तिनें हें विश्वासानें सांगितलें, तोच बाहेर धांवत जाऊन, राणी मोंगलांस फितूर झाली असें ओरडत सुटला. दक्षिणी शिपायांचा घोळका महालांत शिरला व त्यांनीं तिला ठार केलें. विजापुरास असतां ती नगरची हेर ठरली होती, नगरास असतां दिल्लीची. विजापुरांत निदान रस्त्यांतल्या बायका तिच्या बाजूस उभ्या राहिल्या; नगरच्या कोंडलेल्या किल्ल्यांत तितकाहि अवकाश मिळाला नाहीं. ऑगस्टांत तट उडाला, मोंगल आंत आले, आणि बहादुरास ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर नेलें.

नगर पडल्यावर इब्राहिम आदिलशहास दिल्लीशीं जुळवून घेणें भाग होतें. १६०४ सालीं त्यानें आपली मुलगी बेगम सुलतान ही त्याच दानियालास दिली. डोल्याबरोबर फेरिश्ता होता. चांदबिबीच्या बहुतेक गोष्टी आपणांस ज्याच्या लेखणींतून मिळाल्या तोच हा. विजापुराहून निघून नगरच्या मुलखांतून हा लवाजमा पैठणाजवळ गोदावरीच्या कांठीं आला. पुणतांब्याखालून जें पाणी वाहतें तेंच खालीं पैठणास जातें. तेथें लग्न लागलें. मुलीला पुढें बऱ्हाणपुरास नेलें, फेरिश्ताहि तेथवर तिच्यासोबत गेला. आणि पुढच्याच वर्षीं दारूच्या पायीं दानियाल मरण पावला.